साल आणि गर

आत्याकडे भेजा आणला की तो साफ करताना बघायला मी ओट्याशी उभा राहायचो. बकऱ्याचा भेजा ती हळद-मिठाच्या पाण्यात सोडायची, त्यावरचा लाल शिरांचा पातळ पापुद्रा नखाने अलगद सोलायची आणि मग पाच-सात मिनिटं उकळून घ्यायची. कच्चा असताना बोटांतून निसटणारा तो गोळा उकडला की पनीरसारखा घट्ट व्हायचा आणि सुरी नीट चालायची. तुकडा पडला की आत दोन रंग दिसायचे. कडेने नागमोडी वळणं घेत जाणारी फिकट तपकिरी किनार आणि तिच्या पोटात सायीसारखा पांढरा भाग. आत्याला त्या दोन रंगांचं काही नव्हतं, मसाला कधी परतायचा हा तिचा प्रश्न. मला मात्र ती किनार पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिली.

माणसाच्या मेंदूतही हेच दोन भाग आहेत. वरची दोन ते चार मिलिमीटर जाडीची साल करडी, आतला भाग पांढरा. करडा हा रंगही मेलेल्या मेंदूवरून आलेला. जिवंत माणसाच्या मेंदूत रक्त खेळत असतं आणि ही साल गुलाबीकडे झुकलेली असते, अवयव टिकवायच्या फॉर्मालिनमध्ये पडली की ती करडी होते. या करड्या भागात चेतापेशींची शरीरं दाटीने बसलेली आहेत. पांढऱ्यात त्या पेशींचे लांब तंतू. बुद्धीचं, विचारांचं सगळं श्रेय आपण करड्याला देऊन मोकळे होतो, पण मेंदूचा जवळजवळ अर्धा ऐवज पांढरा आहे. तो नुसता भराव नाही, हे माणसाला कळायला तीनशेहून अधिक वर्षं लागली. आणि ते कळावं म्हणून विद्वानांनी जे जे केलं ते थेट स्वयंपाकघरातलं वाटावं असं आहे. कोणी मेंदू उकडला, कोणी तेलात शिजवला, कोणी दारूत मुरवला, कोणी गोठवला.

याचं कारण साधं आहे. ताजा मेंदू दह्यासारखा मऊ. सुरी कशीही फिरवा, कापलेली बाजू गुळगुळीतच दिसते. पांढऱ्या भागात धागे आहेत आणि त्या धाग्यांना दिशा आहे, हे अशा कापावर दिसतच नाही.

पहिलं ठळक चित्र १५४३चं. पादुआत शिकवणारा आंद्रेआस वेसॅलियस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. मानवी शरीराच्या रचनेवरचा त्याचा भव्य ग्रंथ त्या वर्षी बाझेल शहरात छापून निघाला. ग्रंथाच्या सातव्या भागात मेंदू आहे. कवटीतच ठेवलेल्या मेंदूच्या वरून खाली एकेक चकती काढत नेलेली ती चित्रं आजही बघत राहावीत अशी आहेत. वळ्यांच्या कडेने जाणारी साल आणि आतला पांढरा भाग यांतला फरक त्यांत स्पष्ट दाखवला आहे. पण चकती ती चकतीच. आतलं पांढरं कुठून निघतं आणि कुठे जातं, हे चकती सांगत नाही.

१५८६मध्ये रोममध्ये शिकवणाऱ्या आर्कांजेलो पिकोलोमिनीने या दोन भागांना वेगळं मानून त्यांना वेगळी नावं द्यायचा आग्रह धरला. पुढे जी लॅटिन नावं रूढ झाली ती दोन्ही बागेतली म्हणावीत अशी आहेत. बाहेरच्या भागाला ‘कॉर्टेक्स’ म्हणजे झाडाची साल. आतल्या भागाला ‘मेडुला’ म्हणजे गर, मज्जा. आपल्याकडेही मगज म्हणजे बियांच्या आतला गर आणि मगज म्हणजे मेंदू, एकच शब्द दोन्हीकडे चालतो. नाव पडलं की विचारही त्या नावाच्या मागे जातो. गर म्हटला की तो एकसंध, मऊ, आत भरलेला. त्यात वाटा असतील, त्या वाटांना आरंभ आणि शेवट असेल, असं कोणाच्या मनात येणार?

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या टॉमस विलिसने १६६४च्या आपल्या ग्रंथात करड्या भागात प्राणतत्त्व तयार होतं आणि पांढऱ्यातून ते वाटलं जातं अशी मांडणी केली. दोन वर्षांनी इटलीत मार्चेल्लो माल्पिघीने मेंदू उकडला, पापुद्रा काढला, वर शाई ओतली आणि कापसाने पुसून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सालीत त्याला बारीक बारीक गोळ्या दिसल्या. त्या ग्रंथी आहेत आणि पांढरे तंतू म्हणजे त्यांच्या नळ्या, असा त्याने निष्कर्ष काढला. तो चुकला होता. त्या ‘ग्रंथी’ बहुधा उकडण्यातूनच तयार झाल्या होत्या. पण पांढरा भाग तंतूंचा आहे हे त्याने नेमकं ओळखलं, आणि ते त्याच्या पदरात टाकलंच पाहिजे.

याच सुमारास, १६६५मध्ये, पॅरिसमध्ये एक व्याख्यान झालं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तो सर्वांत मोलाचा तास. मेल्किसेदेक तेवनो या श्रीमंत, हौशी गृहस्थाच्या घरी विज्ञानाची मंडळी जमायची. (त्याचा पुतण्या जाँ आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत थेव्हेनॉट म्हणून भेटतो. पुढच्याच वर्षी तो सुरतेला उतरला, वेरूळची लेणी पाहून गेला, आणि शिवाजी महाराजांनी सुरत लुटली त्याची हकीकत त्याच्या प्रवासवर्णनात आहे.) काकांच्या त्या बैठकीत बोलायला उभा राहिला नील्स स्टेनसन, लॅटिन लिहिणाऱ्यांचा स्टेनो. कोपनहेगनचा, वय सत्तावीस. गालातल्या लाळग्रंथीची नळी त्याने आधीच शोधली होती, ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. मेंदूवर बोलायला आलेल्या या तरुणाने सुरुवातीलाच सांगून टाकलं की मेंदूविषयी मला काहीच ठाऊक नाही.

हे विनयाचं बोलणं नव्हतं. त्याला खरोखरच तेच सांगायचं होतं. विलिसची आकृती, आणि तत्त्वज्ञ देकार्तच्या मृत्यूनंतर १६६२मध्ये छापलेला त्याचा मानवी शरीरावरचा ग्रंथ, दोन्ही त्याने तपासली आणि प्रत्यक्ष मेंदूशी कुठे जुळत नाहीत ते दाखवलं. मेंदूचा पदार्थ इतका मऊ आहे की कापणारा हवा तसा भाग ‘तयार’ करू शकतो, ही त्याची तक्रार होती. मग तो पांढऱ्या भागाकडे वळला. पुष्कळ ठिकाणी दिसतो तसा तो सगळाच तंतूंचा असेल, तर आपल्या संवेदना आणि हालचाली ज्यांच्यावर अवलंबून आहेत त्या तंतूंची मांडणी कमालीच्या कौशल्याने केलेली असणार, असं त्याने म्हटलं. स्नायूंतल्या तंतूंची आपल्याला नवलाई वाटते; इथे तर इतक्या लहान जागेत प्रत्येक तंतू न गोंधळता आपलं काम करतो. म्हणून खरी पद्धत एकच: कापत बसू नका, एकेक तंतू धरून मेंदूच्या आत त्याच्या मागे मागे जा आणि तो कुठे पोहोचतो ते पाहा.

व्याख्यान १६६९मध्ये छापलं गेलं. स्टेनोने स्वतः मात्र तो रस्ता धरला नाही. तो खडकांकडे आणि जीवाश्मांकडे गेला, भूशास्त्राचा पाया घातला, नंतर कॅथॉलिक बिशप झाला आणि १६८६मध्ये वारला. जाताना त्याने एक सूचना मागे ठेवली होती, आणि ती अमलात आणायला मेंदू घट्ट करायची युक्ती हवी होती.

मोंपेलिएच्या रेमाँ व्यूसाँसने मेंदू तेलात उकळला. तेलात शिजलेल्या मेंदूचा पांढरा भाग घट्ट होतो आणि खरवडला की तंतूंच्या ओळी उठून दिसतात. १६८४च्या त्याच्या ग्रंथात गोलार्धांच्या पोटातला तो मोठा पांढरा पट्टा आणि तिथून खाली उतरणारे तंतू आहेत. स्टेनोचं म्हणणं हाताने करून दाखवणारा हा बहुधा पहिला माणूस.

यानंतर जवळजवळ शंभर वर्षं फारसं काही घडलं नाही. आणि मग इटलीतल्या पार्मा शहरात एका वैद्यकीच्या विद्यार्थ्याने मेंदू बर्फात गोठवला. फ्रान्चेस्को जेन्नारी. २ फेब्रुवारी १७७६ ही तारीख त्याने स्वतः नोंदवून ठेवली आहे. गोठलेल्या मेंदूची स्वच्छ चकती काढली तेव्हा करड्या सालीच्या आतच त्याला एक बारीक पांढरी रेघ दिसली. मेंदूच्या मागच्या भागात ती सर्वांत ठळक होती. करड्यात पांढरं! साल एकजिनसी नाही, तिच्यात थर आहेत आणि त्या थरांमधून पांढरे तंतू जातात, याचा तो पहिला पुरावा. १७८२मध्ये पार्माच्या शाही छापखान्यात, मुद्रक बोदोनीच्या देखरेखीखाली, त्याचं पुस्तक निघालं. ही रेघ कशासाठी असते ते मला सांगता येत नाही, असं त्यात त्याने प्रांजळपणे लिहिलं. दृष्टीचं केंद्र नेमकं त्या रेघेच्या जागी आहे हे कळायला पुढचं शतक उजाडावं लागलं. जेन्नारी जुगाराच्या नादी लागला, कर्जात बुडाला आणि १७९७मध्ये वारला. रेघ अजून त्याच्या नावाने ओळखली जाते.

आता दारू. जर्मनीत हाले शहरातल्या योहान क्रिस्टियान राइलने मेंदू अल्कोहोलमध्ये मुरवला. पाणी निघून गेलं की पांढरा भाग कडक, चिवट होतो आणि सुरीने कापायचं सोडून तो हाताने फोडला तर तंतूंच्या दिशेनेच फाटतो. लाकूड जसं शिरेला धरून चिरतं तसंच हे. १८०९मध्ये त्याने आपल्या नियतकालिकात एकापाठोपाठ एक लेख छापले. दोन गोलार्धांना जोडणारा पूल, खालून पंख्यासारखे वर पसरणारे तंतू, मेंदूच्या फटीत दडलेलं ते ‘बेट’, सगळं त्यात आलं. चार वर्षांनी लाइपझिगच्या लढाईतल्या जखमी सैनिकांवर उपचार करताना त्याला टायफस झाला आणि तो गेला.

त्याच काळात पॅरिसमध्ये फ्रान्त्स योझेफ गाल आणि त्याचा शिष्य स्पुर्त्सहाइम मेंदूच्या चकत्या काढायला ठाम नकार देत होते. खालून, मज्जारज्जूकडून सुरुवात करून तंतू खरवडत वर न्यायचे, हा त्यांचा परिपाठ. गालचं नाव आज कवटीवरचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगणाऱ्या खोट्या शास्त्राशी जोडलेलं आहे आणि ते शास्त्र खोटं होतंच. पण त्या कोलाहलात त्याचं विच्छेदन विसरलं गेलं, याचं मला वाईट वाटतं. त्याचे हात त्याच्या सिद्धान्तांपेक्षा कितीतरी शहाणे होते.

पांढरं पांढरं का, हा प्रश्न मात्र अजून तसाच होता. त्याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाने दिलं. तंतूंभोवती चरबीचं आवरण असतं, त्यावरून प्रकाश विखुरतो आणि तो भाग पांढरा दिसतो. १८५४मध्ये रुडॉल्फ फिर्खोने त्या पदार्थाला ‘मायलिन’ हे नाव दिलं, ग्रीक भाषेतल्या मज्जेच्या शब्दावरून. मज्जारज्जू म्हणणाऱ्या आपल्याला तो शब्द परका वाटायचं कारण नाही. या आवरणाच्या कोरड्या वजनात ७० टक्क्यांहून जास्त वाटा चरबीचा असतो. आवरण असलं तर संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो, नसलं तर तोच मीटर-दोन मीटरवर रेंगाळतो. ही चरबी ठिकठिकाणी झडली की काय होतं, ते चेतारोगांचा अभ्यासक शार्को याने १८६८मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या रुग्णांवरून दाखवलं.

याच आवरणाने पुढे दुसऱ्या एका शोधात खोडा घातला. १८७३मध्ये कामिल्लो गॉल्जीने इटलीतल्या आब्बियातेग्रास्सो गावात, असाध्य रुग्णांच्या इस्पितळात, स्वयंपाकघराची प्रयोगशाळा करून चांदीच्या क्षारांनी एकेक चेतापेशी काळी रंगवायची युक्ती शोधली. पण मायलिनने गुंडाळलेल्या तंतूंवर तो रंग नीट चढत नव्हता. बार्सेलोनात सांतियागो रामोन इ काहालने १८८८मध्ये यावर तोड काढली. आवरण अजून चढलेलंच नाही असे पिल्लांचे आणि गर्भांचे मेंदू त्याने घेतले आणि त्याला पेशी सुट्या सुट्या, टोकापर्यंत दिसल्या. १९०६चं नोबेल दोघांना मिळून मिळालं, तरी आपापलं म्हणणं दोघांनी सोडलं नाही. ती गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. मला इथे एवढंच दिसतं की करड्या भागाचं ते महान दर्शन पांढरं बाजूला सारल्यावरच घडलं.

पांढऱ्याची बाजू त्याच दशकात कार्ल वायगर्टने धरली. १८८४मध्ये त्याने मायलिनच रंगवणारी पद्धत काढली. काचेवरच्या त्या पातळ कापांत सगळं उलटं दिसतं: मेंदूतला पांढरा भाग गडद निळा-काळा आणि करडा भाग फिका. तंतूंचा नाश झालेली जागा मात्र फिकट पडते, आणि तो फिका मार्ग धरून कोणती वाट तुटली ते सांगता येतं.

ही पद्धत अगदी कामी आली ती पॅरिसच्या एका जोडप्याच्या. झ्यूल देझरीन आणि ऑगस्टा देझरीन-क्लुम्पके. ऑगस्टाचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा. पॅरिसच्या रुग्णालयांत ‘अँतेर्न’, म्हणजे निवासी डॉक्टर, म्हणून निवड झालेली ती पहिली स्त्री, १८८६ साली, आणि तेही बराच विरोध सोसून. त्यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाची हकीकत ऐका.

ऑक्टोबर १८८७. पॅरिसमधले कापडाच्या व्यापारातून निवृत्त झालेले, अडुसष्ट वर्षांचे एक सुशिक्षित गृहस्थ. एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला एक शब्दही वाचता येत नाही. बोलणं नीट, समजणं नीट, माणसं आणि वस्तू ओळखणं नीट. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून ते नेत्रतज्ज्ञ लांडोल्टकडे गेले. लांडोल्टने अक्षरांचा तक्ता दाखवला. अक्षरांचा आकार ते हवेत गिरवून दाखवत होते, पण अक्षर कोणतं ते सांगता येत नव्हतं. आकडे मात्र ओळखायचे, हिशेबही करायचे. आणि हातात लेखणी दिली की सरळ, शुद्ध, लांबलचक मजकूर लिहायचे. लिहून झाल्यावर तोच कागद त्यांच्यापुढे धरला तर स्वतःचं अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. अक्षरावरून बोट फिरवलं की हातामुळे ते कळायचं, डोळ्यांमुळे नाही.

चार वर्षं ते असे जगले. जानेवारी १८९२मध्ये दुसरा झटका आला, त्यानंतर लिहिणंही गेलं आणि काही दिवसांत ते वारले. देझरीनने मेंदू तपासला. डाव्या बाजूला मागे, दृष्टीच्या भागात जुनी जखम होती, आणि ती दोन गोलार्धांना जोडणाऱ्या पांढऱ्या पुलाच्या मागच्या टोकापर्यंत पोहोचली होती. अक्षरांची ओळख ठेवणारा डावीकडचा करडा भाग त्या चार वर्षांत शाबूत होता. तिथला घाव ताजा, शेवटच्या दिवसांतला. उजव्या बाजूचा दृष्टीचा भागही शाबूत होता. पण त्या दोन्हींना जोडणारी वाट तुटली होती, म्हणून उजवीकडे उमटलेलं अक्षर वाचणाऱ्या भागापर्यंत पोहोचतच नव्हतं. स्टेनोने सव्वादोनशे वर्षांपूर्वी तंतू कुठे पोहोचतो ते पाहा असं म्हटलं होतं. इथे तो न पोहोचल्याने काय होतं ते दिसत होतं. १८९५ आणि १९०१मध्ये या जोडप्याचा चेतासंस्थेच्या रचनेवरचा ग्रंथ दोन खंडांत निघाला. त्यातल्या तंतूंच्या आकृत्या बघताना किती रात्री सूक्ष्मदर्शकापाशी गेल्या असतील असा विचार मनात येतोच.

पण काचेवरचा काप म्हणजे पुन्हा चकतीच, फक्त कमालीची पातळ. तंतू हातात धरून त्याच्या मागे जायची गोष्ट मागे पडली होती. ती परत आणली ती कुठल्या प्राध्यापकाने नाही. बाझेलच्या शरीररचना संस्थेत प्रेतांची आणि अवयवांची तयारी करून ठेवणारा एक कर्मचारी होता, योझेफ क्लिंगलर. वेसॅलियसचा ग्रंथ छापला गेला तेच हे बाझेल. क्लिंगलरने मेंदू आधी फॉर्मालिनमध्ये मुरवला आणि मग उणे दहा अंशांच्या आसपास आठ-दहा दिवस गोठवला. चरबीच्या आवरणात शिरता न आलेलं फॉर्मालिनचं पाणी तंतूंच्या मधल्या फटींत साठतं, त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि तंतूंना एकमेकांपासून सुटं करतो. मेंदू वितळवला की आत अब्जावधी बारीक फटी तयार असतात. मग चिमटा आणि बोथट लाकडी पट्ट्या घ्यायच्या. सालीचा एक कोपरा उचलायचा, खालचा धागा पकडायचा आणि हळूच ओढायचा. भाजलेल्या वांग्याचं साल जसं एका दिशेने सोलत जातं तसा तो धागा उलगडत जातो आणि वाकडी वाट घेत पुढच्या भागापर्यंत हाताला घेऊन जातो. त्याने ही पद्धत १९३५मध्ये प्रसिद्ध केली. १९५६मध्ये प्राध्यापक ऑयगेन लुडविगसोबत त्याचा मेंदूचा मोठा चित्रसंग्रह निघाला. याच क्लिंगलरच्या टेबलापाशी विद्यार्थिदशेत शिकून गेलेल्या गाझी याशार्गीलने पुढे झुरिकमध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या मेंदूशस्त्रक्रियेला आजचं रूप दिलं, आणि आपल्या हाताखालच्या शल्यविशारदांना आधी असे मेंदू सोलायला बसवलं.

१९९४मध्ये पीटर बॅसर आणि सहकाऱ्यांनी एमआरआयची एक नवी गणिती रीत मांडली. पांढऱ्या भागात पाण्याचे रेणू तंतूच्या दिशेने सहज सरकतात, आडवे तेवढे सरकत नाहीत. ती दिशा मोजली की जिवंत माणसाच्या डोक्यातले तंतू पडद्यावर रंगीत रेघांनी काढता येतात. २००३मध्ये स्टेनोच्याच कोपनहेगनमध्ये या आवरणधारी तंतूंची लांबी मोजली गेली. वीस वर्षांच्या पुरुषाच्या मेंदूत सुमारे १,७६,००० किलोमीटर, स्त्रीच्या मेंदूत सुमारे १,४९,०००. वयाच्या ऐंशीपर्यंत त्यातली जवळजवळ ४५ टक्के लांबी गळते. इतकी लांबी, आणि ठेवायला जागा एका नारळाएवढी.

पडद्यावरच्या रंगीत रेघा मात्र संगणकाने अंदाजाने जोडलेल्या असतात. जिथे दोन वाटा एकमेकींना छेदतात तिथे तो चुकतो, कधी नसलेली वाट काढतो. मग ती वाट खरी आहे का हे पडताळायला आजही शल्यविशारद आणि शरीररचनेचे अभ्यासक शीतपेटीतून गोठवलेला मेंदू बाहेर काढतात, पाण्यात वितळू देतात, वरचा शिरांचा पापुद्रा सोलतात आणि लाकडी पट्टी घेऊन पहिल्या तंतूपाशी बसतात.